कपाटे गेली, खुणा राहिल्या

खाडीचा पूल ओलांडून कल्याणहून भिवंडीकडे निघाले, की कोन गाव लागते. या परिसरात गोदामेच गोदामे. गोदामात हजारो खोकी असतात. खोक्यात काय आहे हे ठाऊक असून भागत नाही; ते कोठे ठेवले आहे, याचीही नोंद लागते. ग्रंथांचेही तसेच आहे. कोणते पुस्तक कोणत्या पुस्तकाशेजारी होते, यावरून मालक कोणते विषय एकत्र अभ्यासत होता, हे कळू शकते. पुस्तके हलली, की ही माहिती पुसली जाते.

मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ ही वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३०च्या दशकात उभारली, ती मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी. पुढे त्यांतील बरेच ग्रंथ सिद्धार्थ महाविद्यालयाकडे गेले. हे महाविद्यालय त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सुरू केले. समजा, राजगृहातील मूळ मांडणी आपल्याला शोधायची आहे. कशी शोधाल?

प्रथम हिशेब करू. या संग्रहाविषयी ५०,००० हा आकडा नेहमी सांगितला जातो. एका ग्रंथाची सरासरी जाडी ३ सें. मी. धरली, तर फळ्यांची लांबी १,५०० मीटर होते! एक मीटर रुंदीच्या, सहा फळ्यांच्या कपाटात ६ मीटर ग्रंथ मावतात. म्हणजे कपाटे २५० लागतील. खोल्यांची मापे घेऊन हे जमते का, ते पाहावे. न जमल्यास आकडा, जाडी किंवा सगळे ग्रंथ एकाच घरी होते हे गृहीत, यांपैकी काहीतरी चुकले असावे.

मग जुनी छायाचित्रे. दाराची खरी उंची २१० सें. मी. असून चित्रात ती ७ सें. मी. भरली, तर त्याच भिंतीला टेकलेले, चित्रात ६ सें. मी.चे कपाट १८० सें. मी. उंच असणार. मात्र दोन्ही कॅमेऱ्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर हवीत.

भिंतीही बोलतात. कपाटामागच्या रंगावर प्रकाश पडत नाही, म्हणून तो कमी विटतो. खिळ्यांची भोकेही जागा सांगतात.

सर्वांत चोख साक्षीदार म्हणजे खुद्द पुस्तके. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी रंगद्रव्यांचे रेणू मोडतात. उंच पुस्तकाचा शेजाऱ्यावर डोकावणारा भाग फिका पडतो, झाकलेला गडद राहतो. त्या सीमारेषेवरून शेजाऱ्याची उंची मोजता येते! भुंगेऱ्यांच्या अळ्या एका पुस्तकातून दुसऱ्यात बीळ पोखरत जातात. दोन पुस्तकांतील भोके जुळली, तर ती कधीतरी शेजारी होती, असे समजावे.

पण सावध! नव्या जागीही पुस्तके विटतात आणि पोखरली जातात. ती खूण राजगृहातील की नंतरची? म्हणून एका पुराव्यावर विसंबू नये. छायाचित्र, भिंत आणि पुस्तक या तिन्ही साक्षी जुळल्या, तरच निष्कर्ष काढावा. आणि म्हणूनच जुने घर झाडण्यापूर्वी, रंगवण्यापूर्वी प्रत्येक खुणेचे माप व चित्र घ्यावे. एकदा चुना फासला, की साक्षीदार गेला!

करून पाहा : घरातील वा शाळेतील जुन्या पुस्तकांची एक फळी निवडा. क्रम वहीत लिहून ठेवा, पुस्तके मिसळा, आणि केवळ विटलेल्या रेषांवरून मित्राला मूळ क्रम लावायला सांगा. किती पुस्तके जागेवर आली, ते मोजा.