शीतगृहांतील उष्णतामानाची नोंद व तिची पाठवणी

नाशिक व सांगली या भागांत द्राक्षांसाठीं सहकारी व खाजगी शीतगृहें पुष्कळ झालीं आहेत. खोलीचें उष्णतामान राखणारें नियंत्रक यंत्र, ज्यास कारागीर लोक पी.एल.सी. म्हणतात, तेंही बहुतेक ठिकाणीं असतें. परंतु यंत्र उष्णतामान राखतें म्हणून त्याची नोंदही ठेवतें असें समजूं नये. तें काम त्यास निराळें नेमून द्यावें लागतें. माल बिघडल्यावर दोष तोडणीचा, वाहतुकीचा कीं शीतगृहाचा, असा तंटा उपस्थित झाला म्हणजे बागाइतदाराच्या हातीं ह्या नोंदीवांचून दुसरा पुरावा नसतो. सबब ही कृति सभासदांनीं समजून घेणें अवश्य आहे.

प्रथम सेन्सर पाहावा. द्राक्षें शून्य अंश सेंटिग्रेडच्या लगत ठेवावयाचीं असल्यानें एक-दोन अंशांची चूकही महाग पडते. पीटी-१०० जातीच्या सेन्सरचा रोध शून्य अंशावर १०० ओहम असतो व दर अंशास सुमारें ०.३९ ओहम वाढतो. दोनच तारांनीं तो जोडला व त्या तारांचा रोध एक ओहम भरला, तर यंत्र अडीच अंश अधिक दाखवील! म्हणून तीन तारांची जोडणी करावी, आणि हंगामापूर्वीं चुरलेला बर्फ व थोडें पाणी यांत सेन्सर बुडवून शून्य येतें कीं नाहीं हें पडताळावें. एक सेन्सर हवेंत व एक पेटींतील घडांमध्यें असावा. कारण हवा आधीं थंड होते, फळ मागाहून.

नोंद मिनिटास एक पुरे. दर सेकंदास नोंद घेण्याचा कित्येकांस हव्यास असतो, पण फळ सेकंदागणिक बदलत नाहीं. मिनिटास एक ओळ धरल्यास दिवसाच्या १४४० ओळी होतात. ओळ ६० अक्षरांची असली तर वर्षाचा संचय सुमारें ३ कोटी १५ लक्ष बाइट, म्हणजे साध्या मेमरी कार्डाचा कोपराही भरणार नाहीं. मात्र कार्डावर वारंवार लिहिण्यानें तें झिजतें. म्हणून दहा मिनिटांच्या ओळी यंत्राच्या टिकाऊ स्मृतींत, म्हणजे वीज गेली तरी पुसली न जाणाऱ्या भागांत, सांठवून एकदम लिहाव्या. सेन्सर तुटल्यास मागचाच आंकडा पुनःपुन्हां न लिहितां ती जागा रिकामी ठेवण्याची सूचना यंत्रास द्यावी. खोट्या आंकड्यापेक्षां रिकामी जागा बरी.

घड्याळाकडे बहुधा दुर्लक्ष होतें. कांहीं यंत्रें जागतिक वेळ धरतात, तेव्हां आपल्या नोंदी साडेपांच तास मागें पडतात. वेळ कोणती तें फाईलीच्या पहिल्या ओळींत लिहून ठेवावें. फाईल दर मध्यरात्रीं नवी उघडावी व नांवांत वर्ष, महिना, दिवस हा क्रम ठेवावा, म्हणजे फाईली आपोआप ओळीनें लागतात.

आतां पाठवणी. एफ.टी.पी. ही फाईल पाठविण्याची रीत अभय भूषण या भारतीय अभियंत्यानें १९७१ सालीं अमेरिकेंत प्रथम लिहून काढली. तींत परवलीचा शब्द उघडा जातो. सबब ती इमारतीच्या आंतच वापरावी, व बाहेर पाठवितांना एस.एफ.टी.पी. योजावी. मोबाइल जाळ्यावरील यंत्रापर्यंत बाहेरून पोहोंचणें बहुधा शक्य नसतें, म्हणून पाठविण्याचें काम यंत्रानेंच करावें. लिहिणें चालू असलेली फाईल पाठवूं नये. बंद झालेली तात्पुरत्या नांवानें पाठवावी, दोन्हीकडील आकार जुळल्यावर खरें नांव द्यावें, आणि तोंवर कार्डावरील प्रत हलवूं नये.

लेखन व पाठवणी हीं दोन कामें एकमेकांवर अवलंबून असतां कामा नयेत. पाठवणी अडली म्हणून लेखन थांबलें, असें ज्या जोडणींत होतें ती काय कामाची? कारागिराचे पैसे चुकते करण्यापूर्वीं मोडेम रात्रभर बंद ठेवून सकाळीं सुरू करावा. राहिलेली फाईल आपोआप गेली पाहिजे व तींत १४४० ओळी भरल्या पाहिजेत. दुसऱ्या रात्रीं यंत्राचीच वीज अर्धा तास तोडावी. तेव्हां १४१० च्या आसपास ओळी मिळाव्या, व तुटलेल्या वेळेचा खंड फाईलींत स्पष्ट दिसावा.