घराची सजावट : आधी स्वास्थ्य, मग शोभा



खरिपाची सुगी आटोपते, हाती चार पैसे येतात आणि दिवाळी तोंडावर असते. अशा वेळी घर रंगवावे, सजवावे असे प्रत्येक कुटुंबाला वाटते. मग बैठकीच्या खोलीला झगमगीत तैलरंग लागतो, शोभेचे कपाट येते, प्लॅस्टिकची फुले आणि जाड पडदे येतात. माजघरातील अंधार, स्वयंपाकघरातील धूर आणि आजोबांच्या खाटेजवळची ओल मात्र तशीच राहते. पाहुणा येतो तासाभरासाठी, घरातील माणसे तेथे वर्षभर राहतात. म्हणून सजावट करताना पहिला विचार घरातील माणसांचा करावा. त्यासाठी लागणारा खर्चही बहुधा कमीच असतो.

प्रथम घराची पाहणी करा

खरेदीला जाण्यापूर्वी एक दिवस कागद-पेन्सिल घेऊन घरात फिरा आणि पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढा.

१) घरातील प्रत्येक माणूस दिवसाचा जास्तीत जास्त वेळ कोणत्या जागी घालवतो?
२) त्या जागी भर दुपारी दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येते का?
३) स्वयंपाक झाल्यावर धूर आणि वाफ किती वेळ घरात रेंगाळते?
४) कोणत्या भिंतीचे पोपडे निघतात, कोठे कुबट वास येतो?
५) दमून आल्यावर घरातील बाईला पाठ टेकायला स्वतःची जागा आहे का?

बहुतेक घरांत पाचव्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे येते. सजावटीची सुरुवात कोठून करावी, हे या उत्तरांवरून ठरवावे.

उजेड आणि वारा

राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे उष्ण व कोरड्या हवामानात खिडक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या जमिनीच्या किमान एक दशांश असावे. उष्ण व दमट हवामानात ते एक षष्ठांश असावे. म्हणजे १२ बाय १० फुटांच्या खोलीला कोरड्या भागात १२ चौरस फूट खिडकी हवी. ४ फूट उंच व ३ फूट रुंद अशी एक खिडकी पुरते. कोकणासारख्या दमट भागात त्याच खोलीला २० चौरस फूट खिडकी लागते. वारा खेळता राहण्यासाठी समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या असाव्यात. ते शक्य नसल्यास समोरच्या भिंतीत छताजवळ झरोका ठेवावा. कौलारू घरात दोन-तीन काचेची कौले बसविली तरी माजघर उजळते. असलेली खिडकी पोती, ट्रंका व गाद्यांच्या ढिगाने झाकली असेल, तर पहिले काम ती मोकळी करण्याचे.

खिडकीतून काय दिसते यालाही महत्त्व आहे. अमेरिकेतील रॉजर उलरिक या संशोधकाने पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून १९८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर उरलेल्यांना विटांची भिंत. झाडे दिसणाऱ्या रुग्णांना घरी लवकर सोडता आले आणि तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. एवढ्या एका अभ्यासावरून मोठे दावे करणे बरोबर नाही. पण आपल्या दारात झाडे असताना खाट भिंतीकडे तोंड करून का ठेवावी? आजारी व वृद्ध माणसाची खाट खिडकीजवळ, पण थेट वाऱ्याच्या झोतात येणार नाही अशी ठेवावी.

वयोमानानुसार डोळ्याला अधिक उजेड लागतो. विशीतील माणसाच्या मानाने साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणून वृद्धांच्या खाटेजवळ, न्हाणीच्या वाटेवर आणि पायऱ्यांपाशी एलईडी दिवा जरूर लावावा. बटण खाटेवरून हाताला येईल असे असावे. उंबरठ्याच्या कडेला पांढरा पट्टा ओढल्यास ठेच लागत नाही.

भिंती : चुन्याची सफेदी

भिंती उजळ करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चुना. पांढरी भिंत आलेला बराचसा प्रकाश खोलीत परत पाठविते, त्यामुळे लहान खोलीही मोठी व प्रसन्न वाटते. सफेदी पुढीलप्रमाणे तयार करावी.

• १० किलो चुनकळीस ५० लीटर पाणी घ्यावे. लोखंडी पिंपात आधी पाणी घालून त्यात चुनकळी थोडी थोडी सोडावी. चुनकळीवर एकदम पाणी ओतू नये. चुना उकळून अंगावर उडतो.
• प्लॅस्टिकचे अथवा ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. मुलांना दूर ठेवावे. डोळ्यांत चुना गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने लगेच धुऊन दवाखान्यात जावे.
• मिश्रण २४ तास मुरू द्यावे व जाड्याभरड्या कापडातून गाळावे.
• दर १० लीटर निवळीस ४० ग्रॅम सरस गरम पाण्यात विरघळवून घालावा. त्यामुळे चुना हाताला लागत नाही.
• १० किलो चुन्यास जास्तीत जास्त ३० ग्रॅम नीळ घालावी.
• पहिला हात वाळल्यावर दुसरा द्यावा. दोन ते तीन हात पुरतात.

तैलरंगाच्या भिंतीवर चुना धरत नाही. जुना तैलरंग खरवडताना फार काळजी घ्यावी, कारण पूर्वीच्या अनेक रंगांत शिसे असे. घरगुती रंगांतील शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. म्हणून रंग कोरडा घासू नये. भिंत ओली करून खरवडावी, पोपडे गोळा करून दूर पुरावेत आणि काम होईपर्यंत मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

ओलीवर रंग हा उपाय नव्हे. पागोळ्यांचे पाणी भिंतीवर येते का, मोरीचे पाणी पायाशी मुरते का, हे आधी पाहावे. ओलीवर वाढणाऱ्या बुरशीमुळे दम्याचा त्रास वाढतो. पोती भिंतीला टेकवून न रचता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर अंतरावर रचावीत.

स्लॅबच्या गच्चीवर चुन्याचा हात दिल्यास उन्हाळ्यात घरातील उष्मा कमी होतो. जस्ती पत्र्यावर मात्र चुना लावू नये. तो जस्ताच्या थराला खातो. पत्र्यासाठी बाजारात मिळणारा पांढरा रंग वापरावा.

स्वयंपाकघर व घरधनिणीची जागा

उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाल्यापासून गॅस अनेक घरांत पोचला, तरी पाणी तापविण्यास व भाकरीस चूल पेटतेच. चुलीवर धुराडे असावे किंवा चूल पडवीत न्यावी. बाई उभी राहते ती जागा उजळ करावी. ओटा बांधताना गवंड्याच्या अंदाजावर न जाता, जी त्यावर काम करणार तिचे माप घ्यावे. कोपर वाकवून हात आडवा धरला असता ओटा त्याखाली साधारण ४ इंच असावा. उंच ओट्यामुळे खांदे भरून येतात, बुटक्या ओट्यामुळे कंबर.

खिडकीजवळ एक बाज, एक उशी, हाताशी दिवा आणि वस्तू ठेवायला कोनाडा एवढी जागा घरधनिणीसाठी राखून ठेवावी. तेथे कोणी कपड्यांचा ढीग टाकू नये. शेतातील आणि घरातील दोन्ही कामे ओढणाऱ्या बाईला अर्धा तास निवांत बसता आले, तर त्याचा लाभ सर्व घराला होतो.

घराबाहेर न्यावयाच्या वस्तू

कीटकनाशके, तणनाशके व फवारणीचा पंप माळ्यावर, खाटेखाली किंवा देवघरामागे ठेवण्याची सवय मोडावी. त्यांसाठी राहत्या घरापासून दूर, कुलूप लावता येईल अशी खोली किंवा पेटी करावी. रिकाम्या डब्यांत तेल, पाणी भरू नये. धान्याला लावण्याच्या विषारी गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नयेत. त्यांचा वायू झोपेत जीव घेतो. धान्य कडक उन्हात वाळवून हवाबंद कोठीत ठेवावे.

यामागे आणखी एक कारण आहे. नापिकी व कर्ज यांमुळे एखाद्याचे मन खचते. दुःखाचा तो कढ बहुधा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळी विष हाताशी नसले, तर माणूस वाचण्याची शक्यता वाढते. घरात कोणी गप्प राहू लागले, जेवण-झोप कमी झाली, तर त्याच्याजवळ बसून मोकळेपणाने विचारावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तो रात्रंदिवस चालू असतो. हा क्रमांक भिंतीवरील दिनदर्शिकेवर ठळक लिहून ठेवावा.

आता शोभा

एवढे झाले की शोभेचा विचार करावा, आणि तो आपल्याजवळ असलेल्या वस्तूंपासून सुरू करावा. वारली स्त्रिया लग्नघराच्या गेरूने रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या आहेत. जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगापुढे नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पीठ आणि गेरू प्रत्येक घरात मिळतात. आजीने शिवलेली गोधडी बाजेवर पसरावी. शाळकरी मुलांना एक भिंत चित्रांसाठी द्यावी.

कुंडीतील झाडांनी खोलीची हवा शुद्ध होते असे सांगितले जाते. राहत्या घरात दोन-चार कुंड्यांनी तसा फरक पडत नाही. हवेसाठी खिडकीच हवी. झाडे लावावीत ती डोळ्यांच्या सुखासाठी. तुळस, कोरफड, शेवंती दाराशी शोभतात. डिफेनबेकिया व कण्हेर विषारी असल्याने लहान मुले व जनावरे यांच्या वाटेत लावू नयेत. बाटलीत मनीप्लांट असल्यास पाणी दर आठवड्यास बदलावे, नाहीतर त्यात डास होतात.

या दिवाळीत सर्व कामे एकदम होणार नाहीत. पहिल्या आठवड्यात खिडक्या मोकळ्या करा व औषधे घराबाहेर न्या. याला खर्च जवळजवळ नाही. नंतर ओल काढा, मग चुना द्या, मग दिवे व ओटा. त्यातून पैसे उरले, तर शोभेचे कपाट अवश्य घ्या, मात्र ते खिडकीपुढे ठेवू नका.