गिलानुपट्ठाक : रुग्णाशेजारचा माणूस

विनयपिटकातील ‘महावग्गा’च्या आठव्या प्रकरणात चीवरांचे नियम आहेत. त्याच प्रकरणात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची हकीकत येते. तो स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. सोबत्यांच्या उपयोगी पडत नसल्याने त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. दोघांनी त्याला डोक्याकडून व पायांकडून उचलून मंचकावर निजविले. बाबासाहेबांनी हा प्रसंग ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात घेतला आहे. तो सर्वांना परिचित आहे. त्यापुढील नियम मात्र आम्ही वर्गात क्वचितच शिकवतो.

शुश्रूषा करणाऱ्यास पालीत ‘गिलानुपट्ठाक’ म्हणतात. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, सेवा लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने करावी, मल, मूत्र, थुंकी, वांती काढताना किळस वाटू नये आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाचे मन प्रसन्न करता यावे. यांतील चौथ्या गुणापाशी आम्ही थांबतो. मैला उचलणे हे ज्या देशात जन्माने लादलेले काम ठरले, तेथे ते औषधाच्या ज्ञानाशेजारी, एकाच माणसाच्या पात्रतेत मोजले गेले. आमच्या घरातील एक वडीलधारे रुग्णालयात वॉर्डबॉय होते. बेडपॅन उचलायला त्यांना हाक येई. ड्रेसिंगच्या ट्रेला मात्र हात लावू दिला जात नसे. पट्टी बांधणे ते दुरून पाहून शिकले.

रुग्णाचेही कर्तव्य सांगितले आहे : आजार वाढला असेल तर वाढला, उतरला असेल तर उतरला, असे खरे सांगावे. कोणाला? शुश्रूषा करणाऱ्याला. हे निरीक्षण आम्हाला फार मार्मिक वाटते. डॉक्टरांसमोर मान डोलावणारा रुग्ण रक्तदाब मोजणाऱ्या सहायकाला हळूच सांगतो, की गोळ्या चार दिवसांपूर्वीच संपल्या. ते ऐकून कागदावर न उतरविणारा सहायक अर्धेच काम करतो.

रुग्ण भिक्खूचे निधन झाल्यास त्याचे पात्र व चीवर शुश्रूषा करणाऱ्यास देण्याची संघाला अनुज्ञा होती. एकदा एका भिक्खूने आणि एका श्रामणेराने मिळून सेवा केली. प्रश्न उभा राहिला : श्रामणेराला किती द्यावे? उत्तर मिळाले, समान वाटा.

वसतिगृहात आजारी मित्राजवळ पाळीने बसणाऱ्या मुलांना आम्ही हे सांगतो, तेव्हा ती श्रामणेराचे वय विचारतात. वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत उपसंपदा मिळत नसे. तेव्हा तो बहुधा त्यांच्याच वयाचा असावा.