युनिट लिहायचं राहिलं! (गोष्ट एअर इंटरची)

मागच्या सेमिस्टरला व्हायव्हामध्ये माझी चांगलीच फजिती झाली. एक्स्टर्नल सरांनी माझ्या जर्नलमधल्या शेवटच्या उत्तरावर बोट ठेवलं आणि विचारलं, "२४ काय? किलो की डझन?" आकडा बरोबर होता, पण युनिट लिहायचं राहून गेलं होतं. दोन मार्क गेले, शिवाय बाहेर उभ्या असलेल्या सगळ्या बॅचला ऐकू गेलं ते वेगळंच! एवढ्याशा गोष्टीचं सर केवढं करतात, असं तेव्हा मला वाटलं होतं.

नंतर सेमिनारसाठी विमानांबद्दल वाचायला घेतलं आणि एअर इंटर या फ्रेंच कंपनीची ओळख झाली. ही कंपनी आज अस्तित्वात नाही. पण तिची गोष्ट वाचल्यावर त्या दोन मार्कांचा राग पार गेला. मित्रांनो, तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी म्हणजे मिक्स भाजी आहे, सांभाळून घ्या!)

सुरुवात

एअर इंटरची स्थापना झाली १२ नोव्हेंबर १९५४ रोजी. प्रत्यक्ष उड्डाणं सुरू व्हायला मात्र १९५८ साल उजाडलं. तीही जमेनात म्हणून थांबली, आणि १९६० पासून पुन्हा सुरू झाली. परदेशी जाणारी विमानं एअर फ्रान्सची, आणि देशातल्या देशात फिरणारी एअर इंटरची, अशी साधारण वाटणी होती. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून लियाँ, मार्सेय, तुलूझ, नीस अशा शहरांना तिच्या फेऱ्या असत. तिकिटांची एक गंमतही होती. फ्रान्सच्या झेंड्याचे तीन रंग फ्लाइट्सना दिलेले! गर्दीच्या वेळेची फ्लाइट लाल, त्याहून कमी गर्दीची पांढरी आणि सगळ्यात जास्त सवलतीची निळी.

आता प्रश्न असा, की तासाभराचा प्रवास करणाऱ्या माणसाला काय हवं असतं? वेळेवर पोहोचणं. सकाळी मीटिंगला निघालेल्या माणसाचं विमान धुक्यामुळे दुसऱ्याच गावी उतरलं, तर विमानाने जाण्यात अर्थ काय? म्हणून या कंपनीने धुक्यात उतरण्याचाच ध्यास घेतला. जमिनीवरून येणाऱ्या रेडिओ सिग्नलवरून ऑटोपायलट विमानाला धावपट्टीपर्यंत आणतो, हे तंत्र तिने आपल्या कॅराव्हेल विमानांवर बसवलं. जानेवारी १९६९ मध्ये प्रवाशांना घेऊन लियाँहून निघालेलं तिचं कॅराव्हेल ऑर्लीच्या धुक्यात आपोआप उतरलं. नेहमीच्या प्रवासी सेवेत असं जगात पहिल्यांदाच घडत होतं. त्याच वर्षी माणूस चंद्रावर उतरला, त्यामुळे या उतरण्याची आठवण फार कोणाला नाही!

मर्क्युर : कमी पल्ल्याचं विमान

दुसरा प्रयोग डासो कंपनीच्या मर्क्युर विमानाचा. डासोचा विचार सोपा होता. छोट्या फेऱ्यांसाठी लांब पल्ल्याचं विमान कशाला? इंधन कमी, वजन कमी, आणि सीट्स मात्र दीडशेच्या आसपास. कागदावर एकदम परफेक्ट! १९७१ मध्ये मर्क्युरचं पहिलं उड्डाण झालं आणि १९७४ मध्ये एअर इंटरने ते सेवेत आणलं.

पण इतर कंपन्यांना आज छोट्या आणि उद्या लांबच्या मार्गावर चालेल असं विमान हवं होतं. त्यात डॉलर घसरल्याने अमेरिकन विमानं स्वस्त पडू लागली आणि १९७३ चं तेलसंकटही आलं. जगात एअर इंटर सोडून कोणीही मर्क्युर विकत घेतलं नाही. दहा नवी विमानं आणि दुरुस्त करून दिलेला एक प्रोटोटाइप, एवढाच तिचा ताफा. मात्र ही विमानं १९९५ पर्यंत उडत राहिली आणि त्यांना एकही जीवघेणा अपघात झाला नाही. म्हणजे डिझाइन वाईट नव्हतं, गिऱ्हाईक एकच होतं!

रेल्वेने दिलेला धक्का

सप्टेंबर १९८१ मध्ये पॅरिस-लियाँ मार्गावर टीजीव्ही ही वेगवान रेल्वे सुरू झाली. १९८३ मध्ये नवा मार्ग पूर्ण झाल्यावर हा प्रवास दोन तासांवर आला. विमान त्याहून वेगवान, हे खरंच. पण विमानतळावर जाणं, चेक-इन, बॅग, पुन्हा शहरात येणं, हे सगळं धरा बघू! लियाँच्या मार्गावर एअर इंटरचे प्रवासी झपाट्याने कमी झाले. वेग मोजताना तो घरापासून घरापर्यंत मोजायचा असतो, हे रेल्वेने दाखवून दिलं.

२० जानेवारी १९९२

आता त्या युनिटकडे येते.

१९८८ पासून एअर इंटरकडे एअरबस ए३२० हे अगदी नवं, कॉम्प्युटरवर चालणारं विमान होतं. २० जानेवारी १९९२ च्या संध्याकाळी त्यातलंच एक लियाँहून स्ट्रासबुर्गला निघालं. आत ९६ माणसं. बाहेर अंधार, ढग आणि बर्फ.

उतरताना ऑटोपायलटला दोन प्रकारे सांगता येतं. एक, किती अंशाच्या उताराने खाली जायचं. दोन, दर मिनिटाला किती फूट खाली जायचं. कोणता प्रकार हवा, हे एका बटणाने ठरतं. आणि दोन्हींचा आकडा एकाच खिडकीत दिसत असे, एकाच नॉबने फिरवायचा. ३.३ अंश हवे असतील तर खिडकीत "-३.३" दिसायचं. मिनिटाला ३,३०० फूट हवे असतील तर शेवटची दोन शून्यं गाळून "-३३". फरक काय, तर एक टिंब आणि बाजूची बारीक अक्षरं!

त्या विमानाला ३.३ अंशांनी, म्हणजे मिनिटाला साधारण ८०० फुटांनी उतरायचं होतं. ते उतरत गेलं ३,३०० फुटांच्या वेगाने, जवळजवळ चौपट. चौकशीत सगळ्यात संभाव्य कारण हेच पुढे आलं, की वैमानिक एका प्रकारात आहेत असं समजत होते आणि यंत्र दुसऱ्या प्रकारात होतं. दोघांनाही या विमानाचा अनुभव फार थोडा होता. जमीन जवळ आली की ओरडून सांगणारी जीपीडब्ल्यूएस यंत्रणा विमानात नव्हती. सुमारे एका मिनिटात विमान माँ सँत-ओदील डोंगराजवळ जंगलात आदळलं. ८७ जण गेले, ९ वाचले. अवशेष सापडायला चार तासांहून जास्त वेळ लागला. तोवर वाचलेली माणसं बर्फात मदतीची वाट बघत होती.

त्यानंतर एअरबसने ती खिडकी बदलली. आता तिथे "-३३००" असे पूर्ण चार आकडे दिसतात. बदल म्हटला तर केवढासा! २००६ मध्ये कोलमारच्या न्यायालयाने सहा आरोपींना फौजदारी गुन्ह्यातून मुक्त केलं. दोष कोणा एकाच्या डोक्यावर ठेवणं सोपं नव्हतं. हे मला जास्त अस्वस्थ करतं, कारण ती खिडकी डिझाइन करणारा कोणीतरी आपल्यासारखाच इंजिनियर असणार, आणि त्याच्या टेबलावर, दिवसाच्या उजेडात, त्याला ती अगदी क्लिअर वाटली असणार.

शेवट

१९९० पासून एअर इंटर एअर फ्रान्सच्या ताब्यात होती. युरोपात हवाई स्पर्धा खुली होत गेली, १९९६ मध्ये तिचं नाव "एअर इंटर युरोप" झालं, आणि १९९७ मध्ये ती एअर फ्रान्समध्ये विलीन झाली. धुक्यात विमान उतरवायला शिकलेली कंपनी अशी संपली.

मी आता जर्नलमध्ये आकड्यापुढे युनिट लिहिते, आणि शेजारणीला दाखवून विचारते, "तुला हे काय वाटतंय गं?" ती कधीकधी भलतंच सांगते. मग मी खोडून पुन्हा लिहिते.