हिवाळ्यातील साठवण आणि आंबवण : घरगुती स्वयंपाकासाठी सुरक्षिततेचा पाठ

लखनौ व परिसरातील मराठी कुटुंबांसाठी आरोग्यविषयक मार्गदर्शन

थंडीत दही उशिरा लागते, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. महाराष्ट्रातून लखनौला आलेल्या कुटुंबांना हा फरक अधिक जाणवतो; कारण येथे डिसेंबर-जानेवारीत दाट धुके पडते आणि रात्रीचे तापमान अनेकदा १० अंश सेल्सियसच्या खाली जाते. जे दह्याचे, तेच कांजीचे, पाण्यातील लोणच्याचे आणि खमिराचे. आंबवणारे सूक्ष्मजीव थंडीत सावकाश काम करतात. म्हणून ‘चार दिवसांत तयार’ हा हिशेब या दिवसांत धरू नये. पदार्थ पुरेसा आंबट झाला आहे का, हे पाहावे.

धोका कोठे असतो?

परसातील किंवा कुंडीतील गाजर, सलगम, मुळा, लसूण यांना माती चिकटलेली असते. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. साध्या उकळीने ते मरत नाहीत. जेथे ओलावा आहे, पण हवा, आंबटपणा आणि पुरेसे मीठ नाही, तेथे हे बीजाणू रुजतात आणि मज्जातंतूंवर आघात करणारे विष निर्माण करतात. या विषबाधेस बोट्युलिझम म्हणतात. ती विरळ आहे. परंतु प्राणघातक ठरू शकते. दूषित पदार्थाचा वास, रंग किंवा चव बदललेली असेलच असे नाही. १९८५ साली कॅनडातील व्हँकूवर येथे तेलात साठवलेल्या लसणामुळे अनेकांना ही बाधा झाली होती.

आंबटपणा सामू या मापाने मोजतात. सामू जितका कमी, तितका आंबटपणा अधिक. सामू ४.६ किंवा त्याहून कमी असेल, तर हा जिवाणू वाढू शकत नाही. सामू तपासण्याच्या कागदी पट्ट्या प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळतात.

कांजी व लोणची

१. काळी गाजरे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत, सोलावीत आणि पुन्हा धुवावीत.

२. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यास २० ते २५ ग्रॅम मीठ व मोहरीची पूड घालावी. काचेची किंवा चिनीमातीची बरणी वापरावी. तांब्या-पितळेच्या वा ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये.

३. फोडी पाण्याखाली बुडालेल्या राहाव्यात. झाकण सैल ठेवावे. बरणी दिवसा उन्हात व रात्री घरातील उबदार जागी ठेवावी. धुक्यामुळे ऊन न मिळाल्यास आणखी काही दिवस वाट पाहावी.

४. कांजी स्पष्ट आंबट झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवावी. केसाळ बुरशी, बुळबुळीतपणा किंवा कुजका वास आढळल्यास संपूर्ण बरणी टाकून द्यावी.

५. फ्लॉवर, गाजर व सलगम यांच्या लोणच्यात घातलेल्या व्हिनेगरमध्ये पाणी मिसळू नये. तेल हवा अडवते, आंबटपणा देत नाही. म्हणून नुसत्या तेलातील लसूण किंवा मिरची बाहेर ठेवू नये. लागेल तेवढीच करून त्याच दिवशी संपवावी.

मटार व पालेभाज्या

मटारात आंबटपणा नसतो. ते पाण्यासह हवाबंद बाटलीत भरून साठवू नयेत. बीजाणू नष्ट करण्यास १२१ अंश सेल्सियसची दाबाखालील उष्णता ठरावीक काळ लागते. घरगुती कुकरमध्ये ती बाटलीच्या मध्यापर्यंत पोहोचेल याची खात्री नसते. मटार दीड ते दोन मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून लगेच थंड पाण्यात टाकावेत, निथळावेत आणि फ्रीझरमध्ये ठेवावेत.

मेथी किंवा चाकवत (येथील बथुआ) वाळवताना पान चुरगळल्यावर त्याचा चुरा झाला पाहिजे. अर्धवट वाळलेल्या पाल्यावर बुरशी धरते. बुरशीचा भाग झटकून उरलेला वापरू नये.

खमीर

लखनौचा कुलचा खमिरावर फुगतो. घरी कणीक व पाणी यांचे खमीर करताना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच फेस दिसतो. तो बहुधा इतर जिवाणूंचा असतो. रोज ताजी कणीक व पाणी घालत राहावे. खमीर नियमित फुगू लागेपर्यंत व त्यास स्वच्छ आंबट वास येईपर्यंत ते वापरू नये. हिवाळ्यात यास दोन आठवडेही लागतात. गुलाबी किंवा नारिंगी छटा अथवा बुरशी दिसल्यास ते टाकून द्यावे. कच्ची कणीक चाखू नये.

मीठ ताटात कमी करावे

बरणीतील मीठ पदार्थाचे रक्षण करते. ते मनाने कमी करू नये. कमी करावयाचे ते वाढप. प्रौढ व्यक्तीने दिवसभरात सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत, मीठ घ्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. थंडीत अनेकांचा रक्तदाब वाढतो. म्हणून संक्रांतीच्या खिचडीबरोबर लोणचे, पापड व कांजी यांपैकी एकच घ्यावे. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदय यांचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे. एक वर्षाखालील बालकास कांजी किंवा मध देऊ नये.

ही लक्षणे दिसल्यास थांबू नये

साठवणीचा पदार्थ खाल्ल्यावर, बहुधा १२ ते ३६ तासांत, एकाच्या दोन वस्तू दिसणे, पापण्या खाली येणे, बोबडे बोलणे, गिळण्यास किंवा श्वास घेण्यास त्रास होणे, ही बोट्युलिझमची लक्षणे आहेत. ताप नसतो, म्हणून दुखणे किरकोळ समजू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णास तोंडाने काही देऊ नये आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे. उरलेला पदार्थ बंद करून सोबत न्यावा. प्रतिविष जितके लवकर मिळेल तितका उपयोग अधिक. त्याच बरणीतील पदार्थ खाल्लेल्या घरातील इतरांचीही तपासणी करून घ्यावी.

बरणीविषयी शंका असल्यास चव घेऊन खात्री करू नये. ती टाकून द्यावी.