पेल्यात काय घालतेस ते मला सांग

धारूर, जि. बीड
कार्तिक

चि. सोनीस,

फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतेस आणि अभ्यासिकेत बोलता येत नाही म्हणून ठेवून देतेस. म्हणून लिहायला बसले. पत्र सीताफळांच्या खोक्यात वरच ठेवलंय. आधी हे वाच, मग खोकं रिकामं कर.

शेजारच्या मामींचा धाकटा दिवाळीला आला होता. परीक्षा आहे म्हणून तू आली नाहीस, तो आला. पाडव्याला ओट्यावर बसून सहज बोलून गेला की सोनीला अभ्यासिकेच्या जिन्यात चक्कर आली, पोरींनी तोंडावर पाणी मारून उठवलं. माझ्या हातातलं ताट तिथंच राहिलं. मग तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीला फोन लावला. ती बिचारी आधी सांगेना, मग एकेक सांगितलं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेआठ आलं. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठा पेला भरून स्मूदी घेतेस, आणि त्यावर दिवस काढतेस. मधे नुसता चहा. रात्री मेसला गेलीस तर गेलीस.

साडेआठ! बाईचं बाराच्या वर हवं गं. मी उभी हयात अंगणवाडीत घालवली, गरोदर बायांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, आणि माझ्याच घरातली लेक पुण्याच्या सदाशिव पेठेत जिन्यावर पडते, ते मला परक्या पोराकडून कळतं. आरशासमोर जा. खालची पापणी बोटानं ओढ. आतून लालबुंद दिसते की पांढुरकी, ते मला खरं सांग.

स्मूदी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण दुकानातल्या त्या पेल्यात काय असतं ते कधी उभं राहून बघितलंस का? बऱ्याच ठिकाणी साखरेचा पाक, आइस्क्रीमचा गोळा, बर्फ, आणि नावाला दोन फोडी फळ. त्यानं पोट भरल्यासारखं वाटतं, तासाभरानं पुन्हा हातपाय गळतात, मग तू चहा मागवतेस. आणि चहा तर जेवणातलं लोह अंगाला नीट लागू देत नाही. जेवणाआधी तासभर आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, हे २०२४ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आपल्या आहार-सूचनांत लिहून दिलंय. तुमच्या स्पर्धा परीक्षेला येईल म्हणून तरी लक्षात ठेव.

तुझ्या आईनं दिलेला छोटा मिक्सर खोलीवर आहे ना? रात्री मूठभर शेंगदाणे सालासकट भिजत घाल. सकाळी पाणी टाकून दे. भांड्यात आधी वाटीभर दही किंवा दूध घाल, मग शेंगदाणे, बिया काढलेले दोन खजूर, एक केळं, आणि मी पाठवलेलं सातूचं पीठ दोन चमचे. पातळ पदार्थ खाली असला की पातं अडकत नाही. भांडं काठोकाठ भरू नकोस, थांबून थांबून फिरव. साखर नको, खजुरानं पुरेसं गोड होतं. पाच मिनिटांचं काम आहे. सातू गहू आणि फुटाण्याच्या डाळीचं आहे, जिरं-सुंठ घातलीय, घरच्या जात्यावर दळलंय. फ्रीज नाही म्हणून अडत नाही, बर्फ लागतच नाही. पपई घेतलीस तर दुधात फिरवून लगेच पी, ठेवलीस की कडू होते.

आणि हे पिऊन झाल्यावर दुपारी जेवायचं. हे जेवणाच्या जागी नाही, न्याहारीच्या जागी आहे.

आता सीताफळ. आपल्या बालाघाटाच्या डोंगरातलं आहे. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तूच मला बातमी वाचून दाखवली होतीस. डोळे उघडलेली बघून ठेवलीत, दोन-तीन दिवसांत पिकतील. गर चाळणीत घे, वर दोन चमचे दही घाल आणि पळीच्या पाठीनं चोळ. गर खाली उतरतो, बिया वर राहतात. बी चुकूनही मिक्सरमध्ये जाऊ देऊ नकोस. विषारी असते ती. उवांसाठी बियांची पूड डोक्याला लावून, ती डोळ्यांत गेल्यानं डोळे सुजलेल्या पोरी मी बघितल्यात. गर गरम करायला जाऊ नकोस, कडवट होतो. दह्यात किंवा थंड दुधात फिरव, वेलची घाल, बस.

पण या कशानंही साडेआठाचे बारा होत नाहीत, हे नीट ऐक. गुळानं होत नाहीत, खजुरानं होत नाहीत. शाळेत आठवड्याला ती लोहाची निळी गोळी मिळायची आणि तू ती जिभेखाली धरून मागच्या दारी थुंकायचीस, मला माहीत होतं. आता डॉक्टर देतील ती गोळी गिळायची, महिनोन्‌महिने, मधेच सोडायची नाही. शी काळी होते, घाबरू नकोस. गोळी दुधाबरोबर, दह्याबरोबर किंवा चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. म्हणजे स्मूदी सकाळी, गोळी दुपारी. आणि आठवड्यातून एकदा ती पापणी बघ.

मी एवढी का बोलते ते तुला ठाऊक आहे. लग्न झाल्यावर मीही ऊसतोडीला फडावर गेले होते. पहाटे तीनला उठायचं, रात्रीची भाकरी बांधायची, मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरायची. आधी पुरुषांचं, मग पोरांचं, आणि आपली भूक चहावर मारायची. माझी आई बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, तिथं मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची आणि आम्हा पोरांत वाटायची. तिला खाताना मी पाहिलंच नाही. तेच मी उचललं. माझा पोरगा, तुझा दादा, दोन किलोचा झाला तो त्यामुळं, हे मला पुढं अंगणवाडीच्या प्रशिक्षणात तक्त्यावर बघून कळलं. ती हळहळ अजून जात नाही. तेव्हा कुणी सांगणारं असतं तर! ऊसतोडीच्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी २०१९ साली देशभर झाली, तेव्हा तुझी आई रात्रभर जागी होती. तुला फडावर कधी न नेता माझ्याकडं ठेवलं ते याचसाठी, की तुझं शरीर असं झिजू नये.

आधी मला वाटलं, बारीक होण्याचं खूळ शिरलं असेल. तुला रागानं खूप बोलायचं ठरवलं होतं. मग तुझी मैत्रीण शेवटी म्हणाली, "आत्या, ती मेसचं एक वेळचं जेवण बंद करून पैसे वाचवते. घरी यंदा उचल कमी घ्यायला सांगितलीय म्हणे." तेव्हा सगळा राग गेला गं माय. तुझ्या बापानं मुकादमाकडून यंदा ऊसतोडीची आगाऊ उचल कमी का घेतली याचं मला नवल वाटलं होतं, ते आता कळलं. तुझं मन केवढं आहे ते मी तुला सहा वर्षांची असल्यापासून ओळखते. आई-बाप दिवाळीनंतर कारखान्याला निघाले की दारात उभी राहून रडायची नाहीस, उलट मलाच पाणी आणून द्यायचीस.

पण बाई, उपाशी राहून त्यांचं कर्ज फिटत नाही. तू जिन्यावर पडल्याचं त्यांना फडावर कळलं तर कोयता हातात धरवणार नाही त्यांना.

मेसचे दोन्ही वेळचे पैसे दर महिन्याला मी पाठवणार आहे. उचलीतले नाहीत, माझ्या मानधनातून साठवलेले आहेत, आणि ते तुझ्यासाठीच साठवले होते. नाही म्हणू नकोस. या आठवड्यात डॉक्टरांना दाखव, महिन्यानं रक्त पुन्हा तपास, आणि आकडा कितीही आला तरी आधी मला फोन कर. तुझ्या आईला काय, किती आणि कधी सांगायचं ते मी बघते.

तुझी,
आत्या