ग्रंथालयातील शोध आणि शुद्धलेखनाची सूचना

इयत्ता चौथीतील एक मुलगी शाळेतील मुलांबरोबर एका वाचनालयात गेली होती. तेथील पुस्तकांची यादी आता संगणकावर आहे. तिने 'शामची आई' अशी अक्षरे टंकिली. 'पुस्तक आढळले नाही' असे उत्तर आले आणि ती मुकाट्याने मागे फिरली. साने गुरुजींचे ते पुस्तक समोरच्याच कपाटात होते. पण ग्रंथपालास विचारण्याचा धीर तिला झाला नाही; आणि यंत्राने तर 'नाही' असे स्पष्टच सांगितले होते.

शिक्षकांनी हा केवळ शुद्धलेखनाच्या तासाचा प्रश्न समजू नये. जुन्या शिपायाने 'शामची आई' हे शब्द ऐकताच पुस्तक काढून हाती दिले असते. संगणक मात्र अक्षरास अक्षर लावून पाहतो. एक खूण चुकली की त्याच्या लेखी शब्दच निराळा.

यावर उपाय असा की, शब्द न सापडल्यास यादीने तो एका दुसऱ्या आज्ञावलीकडे पाठवावा. ती जवळचे शब्द निवडून परत धाडते व वाचकास विचारले जाते: 'आपणांस श्यामची आई अभिप्रेत आहे काय?' ही आज्ञावली त्याच वाचनालयात असावी लागत नाही. ती दूर एका ठिकाणी ठेवून अनेक ग्रंथालयांनी इंटरनेटवरून तिला प्रश्न विचारावे, या व्यवस्थेस वेब सेवा म्हणतात. ज्या लहान वाचनालयास स्वतःचा शब्दसंग्रह व तज्ज्ञ ठेवणे परवडत नाही, त्यास ही सोय मोलाची आहे.

'जवळचा शब्द' ठरवावयाचा कसा? सोव्हिएत गणिती लेव्हेनश्टाइन यांनी 1965 साली यासाठी एक माप मांडले. एका शब्दाचा दुसरा करण्यास किती अक्षरे घालावी, गाळावी वा बदलावी लागतात, ते मोजावयाचे. 'आशिर्वाद' व 'आशीर्वाद' यांत अंतर एकाचे. परंतु 'शामची' व 'श्यामची' यांत ते दोनाचे भरते. कारण संगणक जोडाक्षर एक धरीत नाही, हलन्ताची खूण आणि 'य' अशी दोन चिन्हे वेगळी मोजतो. डॅमेरो यांनी 1964 साली दाखविले होते की, इंग्रजी शब्दांतील सुमारे 80 टक्के चुका एकाच अक्षराच्या असतात. तेवढ्यावर विसंबून एकच पाऊल शोधणारी सेवा आपल्या मुलीला रिकाम्या हातांनीच परत पाठवील! दुसरा मार्ग उच्चाराचा. रसेल यांनी अमेरिकेत 1918 साली एकस्व मिळविलेल्या साउंडेक्स पद्धतीत सारख्या ध्वनीच्या अक्षरांस एकच अंक दिला जातो. मराठीत श-ष, इ-ई, उ-ऊ यांचे असे गट पाडता येतील.

शब्दसंग्रह कोणता घ्यावा, हा प्रश्न याहून महत्त्वाचा. सामान्य कोश घेतला, तर अपरिचित आडनावाच्या जागी तो परिचित शब्द सुचवितो. शिवाय जे पुस्तक तेथे नाहीच त्याचे नाव सुचविले, तर मूल दुसऱ्यांदा निराश होते. म्हणून ग्रंथालयाच्या यादीतील ग्रंथनामे व ग्रंथकारांची नावे यांवरूनच हा संग्रह बांधणे बरे.

मराठीत आणखी एक अडचण आहे, आणि तीत चूक मुलाची नसते. 1962 साली शासनाने मान्य केलेल्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले व 'कवि' चा 'कवी' झाला. कपाटांत मात्र दोन्ही काळांची पुस्तके आहेत. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीच्या नावात जुन्या छपाईत 'लक्षांत' आढळते, तर आजचा विद्यार्थी 'लक्षात' लिहितो व तेच योग्य. अशा वेळी 'चुकले' असे न म्हणता दोन्ही रूपांची पुस्तके दाखवावी.

तथापि यंत्राने शब्द परस्पर बदलू नये. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे पुत्र आणि 'सूत' म्हणजे धागा. दोन्ही शब्द खरे आहेत, निवड वाचकाची.

वर्गात एक पाठ घेता येईल. दहा पुस्तकांची नावे मोठ्याने उच्चारावी व मुलांनी ती ऐकून लिहावी. गुण देऊ नयेत. एकेका नावाची जितकी रूपे निघतील ती सर्व उतरून घेऊन जवळच्या ग्रंथपालास द्यावी; मुले कोठे अडतात हे त्यास त्या कागदावरून कळेल.